नेमबाजाचे पिस्तूल आणि कारखानदाराचा पैसा

गेल्या महिन्यात सांगलीकडील एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांची कन्या नववीत शिकते. शाळेच्या आंतरशालेय स्पर्धांतून ती दहा मीटर एअर पिस्तूल नेमबाजीत पुढे आली आणि आता राज्य पातळीच्या तयारीला लागली आहे. प्रशिक्षकांनी सांगितले, "क्लबचे जुने पिस्तूल आता पुरे पडणार नाही. परदेशी बनावटीचे घ्या. पुढे मुलीचे नाव झाले, तर कंपन्या स्वतःहून साहित्य देतात." त्या रात्री जेवणे आटोपल्यावर घरात चर्चा झाली. सासूबाईंचा खेळाला विरोध नव्हता. नात पदक घेऊन आली तेव्हा त्यांनीच शेजारी पेढे वाटले होते. मात्र कंपनीचा विषय निघताच त्यांनी एकच प्रश्न केला : "पिस्तुले करून विकणाऱ्याच्या पैशावर आपल्या घरची मुलगी खेळणार का?" पत्राच्या अखेरीस भगिनी विचारतात, "सासूबाईंना काय उत्तर देऊ?"

चार ओळींचे उत्तर मी त्याच दिवशी लिहू शकलो असतो. लिहायला बसलो आणि लेखणी थांबली. त्या मातोश्रींचा प्रश्न आपण समजतो तेवढा भाबडा नाही. म्हणून या वेळचे सदर त्यालाच देत आहे.

प्रथम त्या मुलीच्या हातातील वस्तू कोणती, हे पाहिले पाहिजे. दहा मीटर स्पर्धेच्या पिस्तुलात दारू नसते. दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटर व्यासाचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा नळीतून सुटतो. त्याची शक्ती साधारण सहा ज्यूल. आपल्याकडील २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार या व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आतील हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, तो याच कारणाने. लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. खेळाडूने एका हाताने, मनगटाला कोणताही आधार न घेता, ७५ मिनिटांत साठ वेळा त्या गुंडीवर नेम धरायचा. पिस्तूल दीड किलोपेक्षा जड चालत नाही, चाप निदान ५०० ग्रॅमचा भार उचलणारा असावा लागतो आणि संपूर्ण पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. स्पर्धेपूर्वी पंच प्रत्येक पिस्तूल खरोखरच अशा पेटीत ठेवून पाहतात आणि चापाला वजन टांगतात.

हे पिस्तूल कमरेला लावून कोणी फिरू शकत नाही. त्याची लाकडी मूठ एका विशिष्ट हातासाठी, उजव्या किंवा डाव्या, कोरलेली असते. तळहाताखाली एक फळी येते, तिने हात घट्ट धरला जातो. एका वेळी एकच छर्रा भरता येतो. शस्त्र म्हणून ते निरुपयोगी आहे आणि मोजमापाचे उपकरण म्हणून अप्रतिम आहे. पॅरिसमध्ये २०२४ साली तुर्कस्तानचे युसुफ दिकेच एक हात खिशात घालून, साधा चष्मा लावून उभे राहिले आणि त्यांनी मिश्र सांघिक रौप्यपदक मिळवले. ते छायाचित्र जगभर फिरले आणि लोक म्हणाले, या माणसाला साधनांची गरजच नाही! डोळ्यांवर झापड नव्हती, कानांवर मोठी आवरणे नव्हती, हे खरे. परंतु हातातील पिस्तूल तेवढे साधे नव्हते. दुसऱ्या कोणत्याही स्पर्धकाच्या हातात होते तसेच तेही खास या खेळासाठी घडवलेले होते.

मग असे पिस्तूल घडवतो कोण? मातोश्रींच्या प्रश्नाचा धागा येथून सुरू होतो.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून आरंभ करू. पंचवीस मीटरवरील शीघ्र नेमबाजीत जर्मनीच्या कोर्नेलियुस फान ओयेन यांना सुवर्ण आणि हाइन्झ हाक्स या सेनाधिकाऱ्याला रौप्य मिळाले. दोघांच्या हाती वाल्थर कंपनीने स्पर्धेसाठी बनवलेले पिस्तूल होते. पुढे त्या पिस्तुलाला नावच 'ऑलिंपिया' पडले. त्या काळी या स्पर्धेतील लक्ष्ये गोल नव्हती. माणसाच्या उभ्या आकृतीवर नेम धरावा लागे. तीच वाल्थर कंपनी पोलिसांसाठी छोटी पिस्तुले बनवत होती आणि दोनच वर्षांनी जर्मन लष्कराने तिचे 'पी-३८' हे पिस्तूल स्वीकारले. महायुद्धात कंपनीच्या कामावर नॉयएनगामे येथील छळछावणीचे कैदी राबवले गेले. एकाच छापाखाली ऑलिंपिकचे पदकही आहे आणि ती छावणीही आहे. मातोश्रींनी हा इतिहास वाचलेला नसेल, पण त्यांची शंका नेमकी याच ठिकाणी बोट ठेवते.

युद्धानंतर मात्र इतिहासाने एक चमत्कारिक वळण घेतले. जर्मनीला शस्त्रे बनवण्यास बंदी झाली. वाल्थर कुटुंब उल्म शहरात आले आणि गणकयंत्रे व हवेच्या बंदुका बनवू लागले. 'ऑलिंपिया'ची बनावट स्वित्झर्लंडमधील हेमर्ली कंपनीने उचलली आणि १९५० च्या दशकात त्याच आराखड्यावर उत्तम लक्ष्य-पिस्तुले तयार केली. याहून मनोरंजक गोष्ट नेकार नदीकाठच्या ओबर्नडोर्फ गावाची आहे. हे माउझर बंदुकांचे गाव. फ्रेंच सैन्याने तेथील कारखान्याची यंत्रे उचलून नेली आणि गावातील कसबी कारागीर रिकाम्या हातांनी बसले. त्यांपैकी काही अभियंत्यांनी हेकलर उंट कोख ही कंपनी काढली आणि काही वर्षांत ती पुन्हा सैन्यांच्या बंदुकांकडे वळली. दुसऱ्या दोघांनी, कार्ल वेस्टिंगर आणि एर्न्स्ट आल्टेनबुर्गर यांनी, फाइनवेर्कबाऊ नावाची पेढी काढली. या नावाचा अर्थच सूक्ष्म यंत्रांचे काम असा. आरंभी त्यांनी बारीकसारीक यंत्रभाग बनवले आणि नंतर लक्ष्यवेधाच्या हवाई बंदुका. १९६५ साली आलेल्या त्यांच्या '६५' या एअर पिस्तुलात एक सुंदर कल्पना होती. स्प्रिंग सुटताच धक्का बसतो आणि हात हलतो. यांनी पिस्तुलाचा वरचा भाग दोन रुळांवर बसवला, त्यामुळे धक्क्याने तो मागे घसरे आणि हातापर्यंत काही पोहोचत नसे. एकाच गावचे, एकाच कारखान्यात शिकलेले हात. काहींनी युद्धाकडे जाणारी वाट धरली, काहींनी कागदी लक्ष्याकडे जाणारी. कसब मात्र दोघांचे सारखेच.

इटलीचे चेझारे मोरिनी हे पिस्तुलाच्या मुठी कोरण्यात निष्णात होते. त्यांच्या नावाची कंपनी स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात उभी राहिली आणि तिने विजेवर चालणारा चाप लोकप्रिय केला. यात बोट यंत्राचा खटका ओढत नाही, ते विद्युत्-मंडल जोडते. तोस्कानातील जियाम्पिएरो पार्दिनी हे स्वतः नेमबाज. स्वतःला हवे तसे पिस्तूल मिळेना म्हणून त्यांनी ते बनवायला घेतले आणि आज पंचवीस मीटरच्या रेंजवर त्यांच्या नावाची पिस्तुले जागोजाग दिसतात. या पेढ्यांची ओळख खेळाच्या साधनांवर उभी आहे. पोलिसांच्या किंवा सैन्याच्या पुरवठ्यावर त्यांचे नाव झालेले नाही.

साम्यवादी रशियाचे उदाहरण येथे सांगितले पाहिजे, कारण तेथे कंपनी नव्हती. प्रायोजक होते सरकार. मिखाईल मार्गोलिन नावाचे एक रचनाकार होते. तरुणपणी डोक्याला झालेल्या जखमेमुळे त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. हा दृष्टिहीन माणूस स्पर्शाने आणि मेणा-मातीच्या नमुन्यांवरून पिस्तुले रचत असे. (नेमबाजीच्या इतिहासात मला याहून विलक्षण काही आढळलेले नाही.) शीघ्र नेमबाजीसाठी त्यांनी एक पिस्तूल जणू उलटे करून बनवले. नळी हाताच्या रेषेत इतकी खाली आणली की धक्क्याने तोंड वर उसळेच ना. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत नेमबाज ते घेऊन उतरले. येवगेनी चेर्कासोव यांना रौप्य मिळाले; सुवर्ण रुमानियाच्या स्टेफान पेट्रेस्कू यांनी जिंकले. आंतरराष्ट्रीय संघटनेने लवकरच नियम केला की नळीची मध्यरेषा हाताच्या वरूनच गेली पाहिजे, आणि ते नवलाचे पिस्तूल संग्रहालयात गेले.

या खेळात असे वारंवार घडते. कारखानदार नियमाच्या फटीतून वाट काढतो आणि संघटना ती फट बुजवते. २००५ साली शीघ्र नेमबाजीचे नियम बदलले. अगदी हलक्या चापाची, आखूड काडतुसाची खास पिस्तुले बाद ठरली आणि चापाला किमान १००० ग्रॅमची अट आली. ज्यांनी वर्षानुवर्षांची बचत अशा पिस्तुलात घातली होती, त्यांच्याकडे एका रात्रीत शोभेची वस्तू उरली. मुलीसाठी साहित्य घेणाऱ्या पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता अमेरिकेकडे वळू. कंपनीच्या पैशाचा प्रश्न तेथे सर्वांत उघडपणे दिसतो. १९७६ साली मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे जेफ कूपर या माजी नौसैनिक अधिकाऱ्याच्या पुढाकाराने 'प्रॅक्टिकल शूटिंग'ची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. या खेळाचे मूळ कागदी वर्तुळात नाही, ते लढाऊ सरावात आहे. येथे खरी काडतुसे, किमान ९ मिलिमीटरची. नेमबाज धावतो, वळतो, आडोशामागून नेम धरतो, आणि गुण व वेळ यांचे गणित मांडून विजेता ठरतो. काडतुसाला पुरेसा जोर आहे की नाही, हेही गोळीचे वजन व वेग यांच्या गुणाकाराने तपासले जाते.

या खेळात रॉब लेथम हे नाव दंतकथेसारखे झाले. १९८० च्या दशकापासून ते स्प्रिंगफील्ड आर्मरी या कंपनीचे प्रायोजित नेमबाज राहिले. (जुन्या सरकारी शस्त्रागाराचे नाव घेतलेली ही इलिनॉयमधील खाजगी कंपनी आहे.) लुइझियानाचे जेरी मिक्युलेक स्मिथ अँड वेसनच्या छापाखाली उतरत. १९९९ साली त्यांनी सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्वरमधून सहा गोळ्या झाडून, ते पुन्हा भरून आणखी सहा झाडल्या, आणि हे सारे ३ सेकंदांच्या आत. फ्रान्सचे एरिक ग्रॉफेल १९९९ साली फिलिपाईन्समधील सेबू येथे जगज्जेते झाले. ते दीर्घकाळ इटलीच्या तानफोलियो कंपनीसाठी खेळले आणि पुढे चेक प्रजासत्ताकाच्या सीझेड कंपनीकडे गेले. क्रिकेटमधील खेळाडू बॅटवरील छाप बदलतो, त्यातलाच हा प्रकार.

प्रायोजकत्व म्हणजे नेमके काय मिळते? बहुतेकांना फार थोडे : एखादे पिस्तूल, काडतुसांवर सवलत, अंगरख्यावर छाप. त्यावरच्या पायरीवर प्रवेश शुल्क व प्रवासखर्च. वेतन घेऊन हेच काम करणारे अगदी मोजके. त्या मोजक्यांना वर्षभर मेळावे, प्रशिक्षण वर्ग आणि जाहिरातीची छायाचित्रे हेही करावे लागते. तेथील स्पर्धांत बक्षिसांचे एक मोठे टेबल मांडतात, त्यावर कंपन्यांनी दिलेली पिस्तुलेही असतात. क्रमांकाप्रमाणे विजेते येतात आणि हवी ती वस्तू उचलतात. ही पद्धत प्रथम वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपल्या गावच्या कुस्तीच्या मैदानातील भांडी आणि फेटे आले. मग टेबलावर काय मांडलेले आहे ते आठवले आणि ती उपमा मागे घ्यावी लागली.

कंपनीला यातून काय मिळते, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. जाहिरात तर आहेच. त्याखेरीज प्रायोजित नेमबाज हा तिचा सर्वांत कठोर परीक्षक असतो. सामान्य ग्राहक वर्षात शंभर-दोनशे गोळ्या झाडील. नेमबाज हजारोंनी झाडतो. कोणता भाग आधी झिजतो, कोणत्या क्षणी यंत्र अडते, हे त्याच्यामुळे कळते. त्याच्या मागणीतून नव्या बनावटी निघतात. ग्लॉक कंपनीचे '१७ एल' हे लांब नळीचे पिस्तूल १९८८ साली आले. १९९६ साली नवी संघटना निघाली. शर्यतीच्या सजवलेल्या पिस्तुलांना कंटाळलेल्या लोकांचीच ती होती आणि तिने पिस्तुलासाठी मापाची पेटी ठरवून दिली. १९९८ मध्ये ग्लॉकने '३४' आणले. त्याची १३५ मिलिमीटरची नळी त्या पेटीत मावेल आणि तरीही जास्तीत जास्त लांब राहील, असा तो हिशेब होता. सीझेडचे 'शॅडो २' भरते १३३० ग्रॅम. एवढे वजन कमरेला कोण बाळगेल? पण जड पिस्तूल हातात कमी उसळते. ते 'कारखान्यातून जसे येते तसे' वापरण्याच्या वर्गात बसते, म्हणून खपते. हा वर्ग खर्चाची चढाओढ थांबवण्यासाठी निघाला होता. चढाओढ थांबली नाही. ती कारखान्याच्या आत गेली, एवढेच.

ज्ञानाचा हा ओघ खेळापाशी थांबत नाही. पिस्तुलावर लाल ठिपक्याची दर्शक-काच बसवण्याची रीत १९९० च्या सुमारास अमेरिकन स्पर्धांत रुजली. तेव्हा ती अवजड होती आणि तिची थट्टा झाली. आज तीच काच, छोटी होऊन, पोलिसांच्या आणि सैनिकांच्या पिस्तुलांवर बसली आहे. खेळाडूने मैदानात जे सिद्ध केले ते शस्त्रागारात पोहोचले. "आमचा तर निव्वळ खेळ आहे," असे म्हणणाऱ्याने या गोष्टीकडे पाठ फिरवू नये.

खेळाने स्वतः मात्र हिंसेच्या खुणा एकेक करून पुसल्या आहेत, आणि हे श्रेय त्याला दिले पाहिजे. ऑलिंपिकमधील माणसाच्या आकृतीची लक्ष्ये १९८० च्या दशकाअखेर गेली आणि गोल वर्तुळे आली. प्रॅक्टिकल शूटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही डोके नसलेली अष्टकोनी आकृती स्वीकारली, अमेरिकेत मात्र जुनी आकृती अजून चालते. जागतिक संघटनेच्या स्पर्धांत लष्करी ठिपक्यांचे कपडे घालून उभे राहता येत नाही. आधुनिक पंचक्रीडेत तर २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून पिस्तुलातून छर्राही सुटत नाही. सुटतो तो लेसरचा किरण.

आपल्याकडील चित्र याहून निराळे आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तिच्या स्थापनेमागे लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर होते. सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेला हा माणूस. नवोदित नेमबाजांची अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. आपल्या नेमबाजांचा पोशिंदा बहुधा बंदुकीचा कारखानदार नसतो. तो सरकार असतो, रेल्वे असते, पोलीस दल किंवा सैन्य असते, नाही तर प्रकाश पदुकोण व गीत सेठी यांनी उभ्या केलेल्या ऑलिंपिक गोल्ड क्वेस्टसारखी संस्था. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले, तेव्हा ते मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले. कोल्हापूर-सांगलीच्या मुलींना ही नावे वेगळी सांगावी लागत नाहीत.

तरीही कारखानदार येथे अगदीच अनुपस्थित आहे असे नाही. जागतिक स्पर्धांच्या ठिकाणी पिस्तूल-कंपन्यांचे कारागीर दुरुस्तीची टेबले मांडून बसतात. काडतुसांच्या कंपन्या आपल्या चाचणी-केंद्रांत नेमबाजाला बोलावतात आणि त्याच्या नळीला कोणत्या घाण्याची काडतुसे मानवतात ते तपासून देतात. त्या टेबलांचे महत्त्व कळायला टोकियोची आठवण पुरे आहे. २०२१ साली मनू भाकर यांचे पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडले. घड्याळ थांबले नाही. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, ५७५ गुणांवर त्या बाराव्या राहिल्या आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच प्रकारात त्यांनी कांस्य मिळवले आणि दोन दिवसांनी सरबजोत सिंग यांच्यासह दुसरे. ती मधली तीन वर्षे पैशाने विकत घेता येत नाहीत. परंतु यंत्र बिघडले तेव्हा यंत्र जाणणारा माणूस जवळ लागतो, हेही तितकेच खरे.

आता मातोश्रींच्या प्रश्नाकडे येतो. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'हिंसादान' हा एक. हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, हा त्याचा अर्थ. त्या साधनांच्या यादीत तलवारीबरोबर कुऱ्हाड आणि कुदळही आहे, हे मला नेहमी विचारात पाडते. कुदळीने विहीर खणतात, कुऱ्हाडीने सरपण फोडतात. मग दोष वस्तूच्या आकारात असेल का? तो कशासाठी दिली आणि पुढे कोणाच्या हाती गेली, यात आहे, असे मला वाटते. जाणकारांचे मत वेगळे असल्यास त्यांनी अवश्य लिहावे.

या कसोटीवर मुलीचे पिस्तूल मला निर्दोष वाटते. त्यातून सुटलेला छर्रा कागदाखेरीज कशालाही भेदत नाही आणि नेम धरताना तिच्या मनात कोणा जीवाचा संकल्प नसतो. असते ते आपल्या श्वासाचे आणि बोटाचे भान. ते पिस्तूल पैसे मोजून विकत घेणे म्हणजे कारागिराच्या कसबाची किंमत देणे. प्रायोजकत्व मात्र खरेदीहून निराळे आहे. खरेदीत आपण पैसे देतो आणि व्यवहार संपतो. प्रायोजकत्वात आपण आपले नाव देतो, आणि ते नाव पुढे त्या छापाच्या प्रत्येक वस्तूच्या विक्रीला लागते. जी पेढी केवळ लक्ष्यवेधाची साधने करते, तिच्या छापाने आणखी चार मुले रेंजवर येतील. त्यात मला वावगे दिसत नाही. जी कंपनी घरात उशाशी ठेवायची पिस्तुलेही विकते, तिच्या अंगरख्यावर आपल्या मुलीचे नाव लागले, तर तिच्या पदकाचा उजेड त्या उशाशी ठेवलेल्या पिस्तुलावरही पडणार. तेथे मी मातोश्रींच्या बाजूने उभा राहीन. मुलीचा प्रशिक्षक मला व्यवहारशून्य म्हणेल, म्हणो.

अर्थात ही रेषा दिसते तेवढी स्वच्छ नाही. एकाच छापाखाली दोन्ही प्रकारचा माल करणाऱ्या जुन्या कंपन्या आहेत आणि त्यांची एअर पिस्तुले उत्तम आहेत. तेथे प्रत्येक कुटुंबाने आपले आपण ठरवावे. रेल्वेच्या नोकरीत किंवा सैन्याच्या क्रीडापथकात राहून खेळणाऱ्याचा पोशिंदाही शेवटी शस्त्र बाळगणारे राज्यच आहे, असा युक्तिवाद माझ्या एका मित्राने केला. त्याला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही.

भगिनींना मी एवढेच कळवले की, घाईने लाखाहून अधिक रुपये घालून नवे पिस्तूल घेऊ नये. मुलीचा हात अजून वाढतो आहे, आणि या पिस्तुलांच्या मुठी हाताच्या मापाने लहान, मध्यम, मोठ्या अशा मिळतात. आज बसणारी मूठ दोन वर्षांनी बसणार नाही. आधी मूठ बदलून पाहावी. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तिने काही खाऊ नये. कोणी कंपनी पुढे आलीच, तर ती आणखी काय काय बनवते, हे आधी पाहावे, आणि तो कागद मुलीबरोबर सासूबाईंनीही वाचावा.

परवा त्यांचे दुसरे पत्र आले. सासूबाई नातीबरोबर रेंजवर गेल्या होत्या. तासभर मागच्या बाकावर बसून त्यांनी सारे पाहिले. शेवटी प्रशिक्षकांकडून एक वापरलेला लक्ष्यकागद मागून घेतला, मधल्या भोकावर बोट फिरवले आणि विचारले, "एवढ्याशासाठी एवढे पिस्तूल?" क्लबच्या पिस्तुलाची मूठ मुलीच्या हाताला मोठी होते, हे त्यांच्याच लक्षात प्रथम आले. प्रशिक्षकांच्या परवानगीने मूठ काढून गावातील सुताराकडे दिली आहे. पुढच्या आठवड्यात तो कानशीने ती घासून देणार आहे.